आधी बाजेवर पडा

दर आठवड्याला नागपूरहून एका पोरीचा फोन येतो. आवाज साखरेच्या पाकातला. "आजोबा, आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये किती स्टार द्याल?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला वाटलं, कोण्या सिनेमावाल्याचा नंबर लावता लावता इकडे लागला. मग तिनं समजावून सांगितलं. आमची बाई तुमच्या घरी येते, पेशंटला सांभाळते, ती कशी सांभाळते ते आकड्यात सांगा. मी म्हटलं, आकड्यात नाही सांगता येत. ती म्हणाली, "मग चार लिहू?"

"तुले तिथं बसून काय लिहाचं ते लिही. मी काई बोललो नाई."

हा माझा हेकटपणा आहे असं माझा मुलगा म्हणतो. असेल. चौथीत माझी शाळा सुटली आणि सुटली म्हणून मी कधी रडलो नाही. पण आजारी माणसाच्या अंगाला हात कसा लागतो हे आकड्यात मावत नाही, एवढं समजायला शाळा लागत नाही.

आमचं गाव देवळीच्या बाजूला. गेल्या उन्हाळ्यात माझी बायको अंगणात कुरड्या वाळू घालत होती आणि तिच्या हातातली परात पडली. मी सपरीतून, म्हणजे पुढच्या ओसरीतून, ओरडलो, "काय पाडलं वं?" उत्तर आलं नाही. ते उत्तर अजून आलेलं नाही. लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ, तिन्ही एका झटक्यात गेले. सेवाग्रामच्या दवाखान्यात तिचा जीव राहिला. तिथल्या लोकांनी मेहनत केली, ते मी विसरत नाही. घरी सोडताना तिथल्या नर्सबाईनं मला सगळं समजावून सांगितलं होतं. बसवून भरवा, कूस बदला, मेलेल्या हाताला धरून ओढू नका. मी मान डोलावली आणि गाडीत बसेस्तोवर विसरलो. हे बाईमाणसाचं काम, असं माझ्या डोक्यात. मी उभ्या जन्मात स्वतःच्या हातानं माठातलं पाणी घेतलेलं नव्हतं.

मुलगा पुण्याला नोकरीला. एकुलता. त्यानं नागपूरच्या एका कंपनीशी बोलून घरी केअरटेकर बाई लावून दिली. शेत मी आधीच ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलं होतं, त्यामुळे मला दिवसभर सपरीत बसून बघण्याशिवाय काम नव्हतं. मी बघत होतो, पण काय बघायचं ते मला ठाऊक नव्हतं.

पहिली बाई आली ती पांढरा कोट घालून. सर्टिफिकेट प्लास्टिकमध्ये घातलेलं. रोज सकाळी बायकोची वेणी घालायची, कपाळाला टिकली लावायची, चादर ओढून सरळ करायची आणि फोटो काढून पुण्याला पाठवायची. फोटो इतका चांगला यायचा की मुलगा तिकडून सांगायचा, "बाबा, आई फ्रेश दिसून राह्यली." तो तिकडून पाच स्टार दाबायचा. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याला जे दिसलं त्याला त्यानं स्टार दिले.

फोटो काढून झाला की ती बाई बायकोला निजल्या निजल्या चहा पाजायची. बायको खोकायची. बाई म्हणायची, "आजी, हळू प्या ना." जसं काही हळू पिणं तिच्या हातात होतं. उठवायचं झालं की उजव्या, मेलेल्या हाताला धरून ओढायची. बायको तोंड वाकडं करायची आणि बाई मला म्हणायची, "आजोबा, आजी नखरे करतात." मी हसायचो. माझी बायको तरणी होती तेव्हापासून नखरेवाली, मला ते खरंच वाटलं.

मग तिला ताप भरला. छातीत घरघर. पुन्हा दवाखाना. डॉक्टर म्हणाले, चहापाणी श्वासाच्या नळीत गेलंय. आणि खांदा सांध्यातून उतरलाय.

मी कंपनीला फोन लावला. तिकडच्या साहेबानं सांगितलं, "आजोबा, त्या मॅडमला तर आमच्याकडे सगळ्यात जास्त रेटिंग आहे."

"मंग तुमच्याच मायले लावून द्या तिले," मी म्हटलं आणि ठेवून दिला.

बायको वाचली, घरी आली. पण मुलानं फोनवर निकाल देऊन टाकला. "बाबा, आता बस झालं. नागपूरले एक जागा पाहून ठेवली मी. चोवीस तास नर्स असते, डॉक्टर असते. दसऱ्याले गाडी घेऊन येतो, आईले तिथं ठेवू."

"अन मी?"

"तुम्ही पुण्याले चला."

"तिले विचारलं?"

"बाबा, तिले बोलता येते का?"

"तुले बोलता येत नव्हतं तेव्हा ती काय तुले दुसऱ्याच्या घरी ठेवून आलती?"

तो म्हणाला, "मी भांडून नाई राह्यलो बाबा. दुसऱ्यांदा असं झालं तर ती राह्यणार नाई, एवढं समजा."

ते खरं होतं आणि म्हणूनच मला राग आला. मी म्हटलं, "दसऱ्यापर्यंत थांब. मी बाई पारखून घेतो. घरात नीट जमलं तर गाडी रिकामी वापस नेशील."

"अन नाई जमलं तर?"

"तर मीच तिले उचलून गाडीत ठेवीन," असं मी बोलून गेलो. बोललेलं मोडायची माझी रीत नाही.

आता पारखायचं कसं? मला एकच पारख येते. आमच्या भागातले पांढरे गवळाऊ बैल; त्यांच्या बाजारात माझा शब्द चालायचा. दलाल किती का गोडवे गाईना, शिंगांना किती का रंग लावलेला असेना, मी दात बघायचो, खूर बघायचो आणि शेवटी म्हणायचो, जुंपून दाखव. बैल उभा असतो तेव्हा सगळेच बैल चांगले. मानेवर जू पडलं की मग कळतं. जुंपून दाखवायला जो का-कू करायचा, त्याच्या दावणीला मी पुन्हा उभा राहत नसे.

तर मी ठरवलं, बाईलाही जुंपून बघायचं. पण माझ्या बायकोला नाही जुंपायचं, तिचं झालं तेवढं पुरे. मी निजायचं.

कंपनीचा सुपरवायझर नवीन बाई घेऊन आला, तेव्हा मी सपरीत बाज टाकली, सदरा काढून गंजीफ्रॉकवरच बाजेवर लांब झालो आणि म्हटलं, "मले लकवा मारला असं समजा. उठवा, बसवा, चार घास भरवा, खुर्चीवर न्या."

सुपरवायझर शर्टाची कॉलर सारखी करत म्हणाला, "आजोबा, असा प्रोटोकॉल नाही आपला. ट्रेनिंग झालेलं असतं त्यांचं."

"तुमचं झालं असन. माहं झालं नाई नं."

ती बाई पंचविशीतली. तोंडाला ओढणी लावून हसली आणि म्हणाली, मी पेशंट सांभाळायला आली, नाटक करायला नाही. गेली. जाऊ दिली. शेजारचा माणूस तुराट्याच्या कुडावरून डोकावून सगळं पाहत होता. त्यानं गावभर करून टाकलं की म्हाताऱ्यानंही बाज धरली. संध्याकाळपर्यंत दोघंजण भेटायला आले, एक तर बिस्किटाचा पुडा घेऊन. मी पुडा ठेवून घेतला आणि माणसाला वाटेला लावलं.

तिच्यानंतरची बाई आली ती हाडापेरानं मजबूत. तिनं का-कू केली नाही. पदर खोचला, मला काखेखाली धरलं आणि असं उचललं जसं कापसाचं गाठोडं. खुर्चीवर बसवलं. खिचडी भरवली, एक शीत सांडलं नाही. मी खूश. मुलाला फोन केला, "भेटली. बिनरेटिंगची, पण भेटली."

दुसऱ्या दिवशी तिनं बायकोला तसंच काखेखाली धरून उठवलं. बायको तिच्या हातातून अशी सरकली जशी ओली वाकळ दोरीवरून घसरते. खाली बसली ती धपकन. लागलं नाही, पण तिचा चेहरा असा झाला की मी उभ्या उभ्या त्या बाईला घरातून घालवलं. ती रडत म्हणत होती, "बाबाजी, तुमाले उचललं तसंच उचललं नं मी!" मी ऐकून घेतलं नाही.

मुलाला सांगावं लागलं. लपवायला मला येत नाही. तो एवढंच म्हणाला, "बाबा, मी दसऱ्याले येऊन राह्यलो."

मग आली ती अल्लीपूरची. चाळिशीची, काळीसावळी, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. सुपरवायझर तिच्यासोबत आलाच नाही. नंतर कळलं की ही बाई फार तोंडाळ म्हणून तिला कुठलंच घर टिकू देत नाही. माझी बाज तयार होती. मी लांब झालो. ती जागची हलली नाही. पायापासून डोक्यापर्यंत मला पाहत उभी राहिली.

"हे काय होय, बाबाजी?"

"पारख. आमच्यात जुंपून पाह्यतात."

"माह्या बापाच्या घरीबी बैलबंडी होती. रिकाम्या बंडीले जुंपून पाह्यतात काय तुमच्यात?"

मी उठून बसलो. "म्हंजे?"

"निजा, निजा. आधीच्या बाईचं ऐकलं मी. तिनं उचललं तेव्हा तुमचे हात कुठं होते?"

मी सांगितलं, तिच्या खांद्यावर.

"अन पाय?"

पाय जमिनीवर. रेटा दिलेला असणार.

"तं मंग तिनं कायले उचललं? तुमचे तुम्हीच उठले. ती नुसती उभी होती. खाटेवरच्या मायच्या अंगात तो रेटा आहे काय? हे अर्धं अंग म्हंजे भरली बंडी आहे बाबाजी, चिखलात रुतलेली. रिकाम्या बंडीत तं बकरीबी पळते."

माझ्याच घरात, माझ्याच बाजेशी उभं राहून कोणी मला बैलाची पारख शिकवावी! मी म्हटलं, "लय बोलते तू."

"म्हणूनच कुठी टिकत नाई. तुमाले न बोलणारी पाह्यजे असन तं सांगा, माही एसटी अजून गेली नसन."

मी तिला जा म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. निमूट निजलो. तिनं माझ्या खांद्यावरचा दुपट्टा काढला, माझा उजवा हात छातीशी बांधून टाकला आणि म्हणाली, "हा हात मेला. हा पाय मेला. जीभ मेली. हूं की चूं नाई कराचं. डावा हात हलवू शकता, पण त्याच्यानं इशारे नाई कराचे, मायले अजून ते जमत नसन. अन आंग सोडून द्या. सोडा! दगडासारखे काऊन झाले?"

अंग सोडायला मला किती वेळ लागला! जन्मभर आवळून धरलेलं अंग. मान सोडली की पाठ आवळायची, पाठ सोडली की पाय. मग एकदाचं सुटलं आणि मी पडून राहिलो.

पडल्यावर काय दिसतं? डोक्यावर बल्ब. दिवसाही लावलेला, थेट डोळ्यात. माझ्या बायकोच्या खाटेवरचाही असाच, आणि मीच लावून ठेवत होतो की तिला अंधार नको. उजव्या पायाच्या अंगठ्यावर माशी बसली. ती मला कळत होती, पण तो पाय मेलेला. ती माशी तिथं बसून राहिली आणि मी तिचा विचार करत राहिलो. शेजाऱ्याचं डोकं कुडावर आलं, "काका, तब्येत कशी आहे?" मला त्याला चांगली शिवी हासडायची होती. जीभ मेलेली. तो आणि अल्लीपूरची माझ्या अंगावरून बोलत राहिले, सोयाबीनला यंदा शेंगा कशा धरल्या, मळणीवाला कधी येणार. मी जसा काही पोतं. माझ्या शेताबद्दल बोलत होते आणि चूक बोलत होते.

मग तहान लागली. माठ हाताच्या अंतरावर. मी माठाकडे बघत राहिलो. तिनं मला बघताना बघितलं, पण पाणी आणलं नाही. डाव्या, जित्या बाजूनं येऊन माझ्या तोंडासमोर खाली बसली आणि हळू विचारलं, "पाणी पाह्यजे? पाह्यजे असन तं डोळे मिटा." आणि थांबली. मी लगेच मिटले नाहीत, मुद्दाम. बघू म्हटलं किती थांबते. ती थांबली. तोंडानं एवढी खडखड करणारी बाई, पण तिथं चूप बसली. मी डोळे मिटले तेव्हाच उठली.

पाणी पाजायच्या आधी तिनं खुंटीवरचा दुसरा दुपट्टा माझ्या कमरेभोवती पट्ट्यासारखा बांधला, माझ्या मेलेल्या गुडघ्याला आपला गुडघा लावला आणि त्या पट्ट्याला धरून मला सरळ बसवलं. हाताला, काखेला हात नाही लावला. हनुवटी खाली करायला लावली. चमच्यानं जरासं पाणी दिलं आणि चमच्याकडे नाही, माझ्या गळ्याकडे बघत राहिली. घोट खाली उतरलेला तिला दिसला तेव्हा दुसरा चमचा. माझ्या आईनं लहानपणी मला असं भरवलं असेल तर असेल, मला आठवत नाही.

बाजेवरून मला सोडल्यावर मी म्हटलं, "उद्यापासून ये."

"थांबा नं," ती म्हणाली. "तुमची पारख झाली. आता माही."

आणि तिनं घर पारखायला घेतलं. बायकोची बाज बघितली. मधोमध झोळ पडलेला. "या झोळात मायच्या पाठीले जखमा होतीन. दोऱ्या ताणा, नाई तं लाकडी पलंग आणा." न्हाणीतल्या फरशीवर पाय घासून बघितला, "हे गुळगुळीत दगड काढा." बल्ब बंद केला. अंगणातलं कुत्रं, उंबऱ्याजवळची माझी चप्पल, सगळ्याला नावं ठेवली. मग माझ्याकडे वळली. "मी संध्याकाळी घरी जाईन. रात्री मायची कूस कोण बदलवन?"

"बदलवू नं."

"बदलवू म्हंजे कोण?"

मी स्वतःकडे बोट केलं.

"दाखवा मंग." ती स्वतःच माझ्या बाजेवर निजली, अंग सोडलं. "मले कुशीवर करा."

मी तिला हात लावायला कचरलो. परक्याची लेक. ती डोळे न उघडता म्हणाली, "लाजता काऊन? लेक समजा." मी खांद्याला धरून ओढलं. तिनं एक डोळा उघडला. "गेला मायचा खांदा पुन्हा. नापास."

मला नापास! शाळेत मास्तरनं मारलं म्हणून मी शाळा सोडलेली. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्याचं घरात पाऊल पडू दिलं नसतं. पण खाटेवरून बायको आमच्याकडे बघत होती आणि तिच्या तोंडाची डावी बाजू हलत होती. ती हसत होती. लकवा मारल्यापासून पहिल्यांदा.

मी म्हटलं, "निज. पुन्हा करतो."

बाजेच्या दोऱ्या मी स्वतः ताणल्या. न्हाणीचे दगड काढले. कूस बदलायला शिकलो, गुडघा वाकवून, कमरेला आणि खांद्याच्या मागे हात देऊन, अंग आपल्याकडे वळवत. खिचडी कशी घट्ट ठेवायची, गालात घास उरला का ते कसं बघायचं, जेवणानंतर किती वेळ बसतं ठेवायचं, सगळं. तिनं मला कितीदा नापास केलं ते सांगत नाही. भांडलो आम्ही रोज. ती मला आडदांड म्हणायची, मी तिला तोंडाची मशीन म्हणायचो. बायको मधात पडून ऐकायची. आणि हो, माठातलं पाणीही मी हातानं घ्यायला लागलो. त्यात काही मोठं नाही, माठ घरातच असतो.

फोटो मात्र पुण्याला एकही गेला नाही. अल्लीपूरच्या बाईला वेळ नव्हता आणि मला येत नव्हतं. फोनवाल्या पोरीलाही मी स्टार दिले नाहीत. त्यामुळे दसऱ्याला मुलगा आला तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये आमच्या घराचा हिशेब लाल दिसत होता. तिकडे सोयाबीनची मळणी चाललेली, हवेत कुटार, म्हणजे शेंगांचं भुसकट, उडत होतं, आणि आमच्या दारात पांढरी गाडी उभी राहिली. मागच्या सीटवर गादी टाकूनच आणली होती त्यानं.

बायकोला आम्ही खुर्चीवर बसवलं होतं. मुलानं तिच्या पायावर डोकं ठेवलं, तिच्या डाव्या हातात आपट्याचं पान दिलं. मग मला बाजूला घेतलं. "बाबा, कंपनीचा रिपोर्ट पाह्यला. एकही फीडबॅक नाई. त्या बाईच्या तक्रारी आहेत जुन्या. मी रिस्क नाई घेऊ शकत."

"पड बाजेवर."

"काय?"

"बाजेवर पड. चप्पल काढ."

"बाबा, पूर्ण गाव पाहून राह्यलं."

"पाह्यू दे. मीबी पडलो, मले तं बिस्किटाचा पुडा भेटला."

अल्लीपूरची आतून म्हणाली, "दादा, पडून घ्या. म्हातारा ऐकाचा नाई."

तो पडला. जीन्स घातलेला, खिशात मोबाइल. मोबाइल मी काढून घेतला. उजवा हात दुपट्ट्यानं बांधला. "हा मेला. हा पाय मेला. जीभ मेली. आंग सोड."

हे मी करत होतो, त्या बाईनं नाही. ती दाराला टेकून उभी होती आणि मला भीती वाटत होती की ती मधातच नापास म्हणते की काय.

पोरानं अंग सोडलं नाही. मला हाताला कळत होतं. मान आवळलेली. "तू धरून राह्यला. सोड." नाही सोडलं. मी वाट पाहिली. शेजारी कुडावरून म्हणाला, "अरे पोट्ट्या, सोड नं, बाप आहे तो." कोणी हसलं. पोराच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघून कानाकडे गेलं आणि मग त्याचं अंग सुटलं. एकदम जड झालं. एवढा जड तो लहानपणी झोपेत व्हायचा, बंडीवरून उतरवून आत नेताना.

मी त्याला कुशीवर केलं. पाठीशी वाकळ लावली. दुसरा दुपट्टा त्याच्या कमरेला बांधून, गुडघ्याला गुडघा लावून बसवलं. घट्ट खिचडीचा चमचा दिला आणि त्याच्या गळ्याकडे पाहत राहिलो. घोट उतरला. दुसरा दिला. त्याला काही म्हणायचं होतं, ओठ हलले. मी म्हटलं, "जीभ मेली."

तेव्हा खुर्चीतून थापा ऐकू आल्या. बायको डाव्या हातानं खुर्चीचा दांडा वाजवत होती. तोंडाची डावी बाजू पूर्ण वर गेलेली.

मी त्याचा बांधलेला हात सोडला. तो बाजेवरच बसून राहिला. मग दबल्या आवाजात म्हणाला, "रात्री कोण करते हे?"

"मी."

"रोज?"

"तुले काय वाटलं, शेजारी करते?"

तो उठून आईसमोर जाऊन बसला. डाव्या बाजूनं. ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. "आई, नागपूरले याचं असन तं डोळे मिट." आणि थांबला. आम्ही सगळे थांबलो. मी बोलून गेलो होतो आणि तिनं डोळे मिटले असते तर मला तिला उचलून गाडीत ठेवणं भाग होतं. मळणीची मशीन पलीकडे धडधडत होती.

तिनं डोळे मिटले नाहीत. गाडीकडे बघितलं, मग पोराकडे, आणि डावा हात कमरेवर ठेवून दुपट्ट्याची गाठ जिथं असते तिथं दोनदा दाबलं. मला उठवा, निजायचं आहे, असा तो तिचा इशारा. आता तिला तेवढं जमायला लागलं होतं. मी पुढे झालो तर तिनं माझा हात बाजूला सारला आणि पोराचं मनगट धरलं.

पोरानं तिला उचललं. मी मागे उभा राहून ओरडत होतो, "काखेत नोको धरू! गुडघा लाव! पट्ट्याले धर, पट्ट्याले!" अल्लीपूरची म्हणाली, "बाबाजी, तुम्ही चूप बसा, तो बरोबर करून राह्यला." आणि खरंच, तिला बाजेवर ठेवताना त्यानं खांद्याला धक्कासुद्धा लागू दिला नाही.

गाडी रिकामी गेली. रिकामी म्हणजे त्यात मी सोयाबीनचं एक पोतं टाकलं, पुण्याला ते काय करतील कोण जाणे. मागची गादी मात्र मी ठेवून घेतली. चांगली जाड आहे.

पुढं काय होईल मला ठाऊक नाही. मी तरणा होणार नाही. माझे गुडघे करकरतात, आणि एखाद दिवशी माझाच हात सुटेल तेव्हा काय, असं मुलगा विचारतो. तेव्हाचं तेव्हा बघू. तेव्हा तो येऊन आम्हा दोघांना उचलेल, आता त्याला येतं.

परवा नागपूरच्या पोरीचा फोन पुन्हा आला. "आजोबा, आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये किती स्टार?"

"पोरी, जेवण झालं का तुहं?"

"हो आजोबा. स्टार?"

"तू एक दिवस इकडे ये. वर्ध्याले उतर, देवळीची एसटी पकड. बाज सपरीतच आहे. तू पड, मी उचलतो. मंग तूच सांग किती."

ती हसली. म्हणाली, "आजोबा, मला ऑफिस असतं."

"तं साहेबाले पाठव," मी म्हटलं. "त्याले सांग, गंजीफ्रॉकवर ये."